नाथसागर : किती भरायचा, केव्हा सोडायचा?



त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, नेवाशाला प्रवरेकाठी ज्ञानेश्वरी, पैठणला एकनाथ महाराज. हा आपल्या संतांचा नकाशा, आणि गोदावरीच्या वरच्या खोऱ्याचाही हाच. नाशिक-नगरचा पाऊस आधी गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा या धरणांत अडतो. उरलेला नाथसागरात येतो. आपल्या संभाजीनगरच्या नळाला येतं ते हेच पाणी.

1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. साठवण सुमारे 102 टीएमसी, त्यातलं वापरता येतं ते 76. पण या एका धरणाला आपण दोन कामं सांगतो. उन्हाळा काढायचाय, काठोकाठ भरून ठेव. अन् पूर झेलायचाय, जागा रिकामी ठेव. भरल्या रांजणात घागर ओतली तर पाणी अंगणात येणारच की! 2006 च्या ऑगस्टात आणि 2025 च्या सप्टेंबरात पैठणनं ते भोगलंय.

म्हणून कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची, हे ठरलेलं असतं. वरचा पाऊस पाहून पाणी आधीच थोडं थोडं सोडावं लागतं. तेव्हा आपणच ओरडतो, "पाणी वाया चाललं!" पुढं पाऊस रुसला तर त्या ओरडण्यात तथ्यही असतं. पण दरवाजे उशिरा उघडले, की एकदम उघडावे लागतात.

तुटीच्या वर्षासाठीही नियम आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांखाली असला, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. 2023 ला तसं सोडलं, पण आधी भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. माउली, वर अडवणारे अन् खाली मागणारे, दोघंही वारीत एकमेकांच्या पाया पडतात!

नाथबाबांनी रामेश्वराला निघालेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली. त्याचं गाव कोणतं, हे विचारलं नाही.

या शंभराव्या वर्षी दिंडीनं एवढंच करावं. काठच्या प्रत्येक गावात दोन टाळकरी नेमा. विसर्ग वाढल्याचा निरोप आला, की रात्री असो की पहाटे, त्यांनी दारोदार जायचं. पूररेषेच्या आत नवं घर बांधू द्यायचं नाही. आणि दुष्काळात वरच्या गावाला शिवी द्यायची नाही. हक्काचं पाणी नियमानं मागायचं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!