काडतूस, तराजू आणि सातत्य



अमेरिकेतील अनेक नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहीत. घरच्या बाकावर तिच्यात नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवून ते ती पुन्हा वापरात आणतात. परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने मनाई आहे. तिकडे मात्र हा एक रुळलेला छंद आहे. काटकसर हा त्यामागील एक हेतू होय. दुसरा हेतू असा, की एका काडतुसात आणि दुसऱ्यात शक्यतो भेद उरू नये.

या भेदाचे महत्त्व साध्या गणिताने कळते. हवेचा रोध बाजूला ठेवून असे मानू, की एक गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली आणि दुसरी ७९० मीटर वेगाने. १०० मीटरवर दोहोंच्या उंचीत जेमतेम २ मिलिमीटरांचा फरक पडेल. ९०० मीटरवर तोच सुमारे १६ सेंटिमीटर होईल. कारण गोळीचे खाली येणे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जवळच्या लक्ष्यावर झाकून गेलेली विषमता दूरच्या लक्ष्यावर उघडी पडते.

म्हणून दारू तराजूने तोलली जाते. तिचे परिमाण ग्रेन हे आहे. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. अर्थात एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. या कामासाठीचे तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत वजन दाखवतात. परंतु केवळ दारू सारखी असून भागत नाही. पुंगळीच्या आतील जागा, तिच्या मानेची गोळीवरील पकड, गोळी किती खोल बसली आहे, या गोष्टीही सारख्या असाव्या लागतात. डॉ. फ्रँकलिन मान यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोळीच्या उड्डाणावरील आपले प्रयोग मांडले. टोकापेक्षा बुडाशी असलेला दोष गोळीला अधिक भरकटवतो, हे त्यांतून दिसून आले.

येथे एक विवेक राखला पाहिजे. सातत्य म्हणजे अचूकता नव्हे. ज्या तराजूचा काटा शून्यावर आणलेला नाही, तो प्रत्येक वेळी तेच वजन दाखवील आणि प्रत्येक वेळी ते चुकीचेच असेल. अशा तराजूवर भरलेली पन्नास काडतुसे एकसारखी असतील, पण कदाचित एकसारखीच धोकादायक. म्हणून जाणकार मनुष्य ज्ञात वजन ठेवून तराजू आधी पारखतो, छापील कोष्टकातील किमान प्रमाणापासून आरंभ करतो आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहतो. पिस्तुलाच्या पुंगळीत थोडीच दारू लागते. ती चुकून दोनदा पडली तरी बहुधा ओसंडत नाही. ही चूक हाताला कळत नाही. डोळ्यांनी पाहिली नाही, तर शस्त्र फुटून हात किंवा डोळा गमावण्याची वेळ येते.

फळाची परीक्षाही अशीच प्रामाणिक हवी. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या, तर तो योगायोगही असू शकतो. दहा-वीस गोळ्या झाडल्यावर, एकही छिद्र न वगळता जो विस्तार दिसतो, तोच विश्वासार्ह. दूर गेलेली गोळी ‘हाताची चूक’ म्हणून वगळणारा नेमबाज काडतुसाचे नव्हे, स्वतःच्या इच्छेचे मोजमाप करत असतो.