पाकीट तेच, बियाणे बोगस
(विश्रांतवाडी, पुणे येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पुण्याला जाते ती या विश्रांतवाडीवरूनच. त्या गर्दीत गळ्यात माळ आणि कपाळी बुक्का असलेला प्रत्येक जण वारकरीच असतो असे नाही. खिसेकापूही तोच वेश करून दिंडीत शिरतो. आज मला अशाच एका चोराबद्दल बोलायचे आहे. तो तुमच्या खिशात हात घालत नाही, तुमचाच हात घालायला लावतो.

कपाशीचे बोगस बियाणे आपण भोगले आहे. पाकीट हुबेहूब, नाव तेच, चित्र तेच. खोटेपणा कळतो तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. बँकेच्या नावाने येणारा खोटा ई-मेल म्हणजे असेच पाकीट. वर बँकेचे चिन्ह, खाली साहेबाची सही आणि मजकूर ठरलेला : 'तुमचे खाते आज रात्री बंद होईल, खालच्या लिंकवर जाऊन केवायसी पूर्ण करा.' लिंक दाबली की बँकेसारखेच पान उघडते. तिथे भरलेला पासवर्ड आणि ओटीपी बँकेकडे जात नाही, चोराकडे जातो.

शेतकऱ्यासाठी चोराने वेगळे वाण काढले आहे. 'पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा', असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती यादी नसते, ॲप असते. ते मोबाईलमध्ये घेऊन मागेल ती परवानगी दिली, की तुमचे संदेश ओटीपीसकट चोर वाचू लागतो.

हा डाव चालतो का? कारण आपला हप्ता खरोखरच अडकतो. कधी आधार जुळत नाही, कधी केवायसी राहते. वाट पाहून थकलेल्या माणसाला खोटा निरोपही खरा वाटतो.

याला कोणी शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणेल, तर त्याला याच पुण्यातली गोष्ट सांगा. कॉसमॉस बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी तिच्या यंत्रणेच्या जागी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. एटीएम विचारत होते, 'पैसे देऊ का?' आणि बँकेऐवजी चोरच उत्तर देत होता, 'दे.' २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! तऱ्हा वेगळी होती, पण खऱ्याच्या नावाने खोट्याने बोलायचे, हा डाव तोच. संगणकाची माणसे पदरी असलेली बँक फसते, मग कोरडवाहू शेतकऱ्याने लाजायचे कशाला?

आता पारख सांगतो. पहिली खूण घाई. 'आजच करा, नाहीतर खाते बंद' असे म्हटले की थांबायचे. दुसरी खूण पत्ता. सुरुवातीला बँकेचे नाव कोणीही लिहील, शेवट बघा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा पत्ता घ्यायला लावला. पीएम किसानचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. तरीही आलेल्या लिंकवरून जाऊच नका, पत्ता स्वतः टाईप करा किंवा शाखेत जा. तिसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा : पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार.

शेतकरी कंपन्यांच्या खजिनदारांना वेगळे सांगतो. 'आमचा खाते क्रमांक बदलला, आगाऊ रक्कम नव्या खात्यात भरा', असा ई-मेल ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नावाने येतो. त्या ई-मेलमधला फोन लावू नका. आपल्या वहीतला जुना नंबर लावा आणि मगच पैसे भरा.

एवढे करूनही फसलात तर रडत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, मग बँकेला कळवा आणि दोन्हीकडून तक्रार क्रमांक घ्या. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, मध्येच गोठवले तरच वाचतात. बोगस बियाण्याच्या तक्रारीसाठी आपण पावती आणि पाकीट जपतो, तसाच तो संदेश आणि व्यवहाराचा क्रमांक जपा, काही पुसू नका. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेला नियम ध्यानात ठेवा. ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे 'उद्या सकाळी बघू' म्हटले, तर त्या रात्रीत गेलेला पैसाही आपल्याच माथी.

म्हणून गावोगावी दोन कामे करा. मोबाईल समजणारा एक मुलगा किंवा मुलगी नेमा, शंका आली की आधी त्यांना दाखवा. आणि फसलेल्याला चावडीवर हसू नका. हसलात तर पुढचा माणूस लाजेने गप्प बसेल, आणि तो गप्प बसला की चोराला पळायला रात्र मिळते. घामाचा पैसा मातीमोल भावात जाऊ नये म्हणून आपण एकत्र आलो. हातात पडलेला पैसा राखायलाही एकत्रच राहू.