केसांची साक्ष आणि आईची कसोटी

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहीजणींना हसू येईल. केसांचा रंग, पार्लरमधलं ब्लीच, सुगंधी फवारा यांचा आणि कोर्टाच्या निकालाचा काय संबंध? संबंध आहे. केसांच्या चाचणीवर विसंबून कॅनडात आयांपासून मुलं तोडली गेली. ती चाचणी काय असते आणि ती कुठे चुकते, हे आपण समजून घेतलं पाहिजे.

माणसानं अमली पदार्थ घेतला की तो रक्तात मिसळतो आणि केसाच्या मुळाशी त्याचा थोडा अंश केसात शिरतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूलगतचा तीन सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची नोंदवही, असं धरलं जातं. लघवीत बहुतेक पदार्थ काही दिवसच सापडतात. त्यामुळे नोकरी देणारे, पोलीस आणि बालसंरक्षण संस्था यांना केस फार सोयीचे वाटतात.

पण केस ही काही कुलूपबंद पेटी नव्हे. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले बारीक खवले असतात. ब्लीच केलं की हे खवले उघडतात, आतला रंग जातो आणि पदार्थाचा अंशही नष्ट होतो किंवा धुऊन निघतो. पर्म करतानाही केसाची आतली बांधणी मोडून पुन्हा जोडतात, त्यातही असंच घडतं. म्हणजे या गोष्टींनी चाचणीत आकडा बहुधा कमी येतो.

मग बायांचा फायदाच झाला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. खवले उघडलेला केस बाहेरचंही अधिक शोषतो. घरातला दुसरा माणूस अमली पदार्थ ओढत असेल, तर त्याचा धूर, त्याच्या हातांचा स्पर्श, घाम हे सगळं केसाला चिकटतं. प्रयोगशाळा केस धुऊन मग तपासतात, पण झिजलेल्या केसात आत गेलेलं सगळं धुण्यानं निघतंच असं नाही. नवऱ्याचं व्यसन बायकोच्या केसात सापडू शकतं, हे लक्षात घ्या.

दारूच्या चाचणीत तर गुंता आणखी वाढतो. केसात दारू शोधत नाहीत, दारूपासून तयार होणारी द्रव्यं शोधतात. त्यांपैकी एका गटाचं नाव फॅटी अॅसिड एथिल एस्टर. केसांवर मारायचे पुष्कळ फवारे, लोशनं यांत अल्कोहोल असतं. ते टाळूवर रोज पडलं की ही द्रव्यं तिथेच तयार होऊ शकतात. बाईनं थेंबभर दारू घेतली नसली तरी आकडा चढतो. दुसरं द्रव्य एथिल ग्लुकुरोनाइड. ते शरीरात तयार होतं, त्यामुळे फवाऱ्यानं वाढत नाही आणि म्हणून अधिक भरवशाचं मानतात. पण ब्लीचनं तेही घटतं, आणि वनस्पतींच्या अर्कापासून केलेल्या काही टॉनिकांमध्ये ते मुळातच असल्याचं आढळलेलं आहे. अतिमद्यपान ठरवायची मर्यादा आहे एका मिलिग्रॅम केसात ३० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! इतक्या बारीक मोजणीत एका बाटलीतल्या पाण्यानंही फरक पडतो.

आता कॅनडाकडे येऊ. टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन या नामांकित रुग्णालयात मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. २००५ ते २०१५ या काळात बालसंरक्षण संस्थांनी १६,००० हून अधिक माणसांचे केस तिथे तपासून घेतले. त्यांत बहुसंख्य गरीब आया. पुढे एका फौजदारी खटल्याच्या अपिलात या चाचण्यांवर प्रश्न उभे राहिले, वर्तमानपत्रानं पाठपुरावा केला आणि सरकारला निवृत्त न्यायमूर्ती सुझन लँग यांची चौकशी नेमावी लागली. डिसेंबर २०१५ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की कोर्टात वापरण्यासाठी या चाचण्या अपुऱ्या आणि अविश्वसनीय होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुखांना न्यायवैद्यक कामाचं प्रशिक्षणच नव्हतं. २०१० पर्यंत तर प्राथमिक चाचणीचाच निष्कर्ष, दुसऱ्या पद्धतीनं खात्री न करता, पक्का म्हणून दिला जात होता. दारूसाठी तिथे एस्टरांची चाचणी वापरत, म्हणजे फवाऱ्यानं आकडा चढतो तीच.

त्यानंतर ज्युडिथ बीमन यांच्या आयोगानं १,२७१ प्रकरणं तपासली. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०१८ मध्ये आला. ५६ प्रकरणांत या चाचणीचा निकालावर मोठा परिणाम झालेला होता. तोवर अनेक मुलं दत्तक गेली होती, नव्या घरात रुळली होती. परत आली ती अगदी मोजकी. आणि भरडलेल्यांमध्ये आदिवासी कुटुंबांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं कितीतरी जास्त होतं.

हा निव्वळ योगायोग नाही. चाचणी सगळ्यांना सारखी असली तरी केस सारखे नसतात. काळ्या केसातलं मेलॅनिन कोकेनसारखे पदार्थ अधिक धरून ठेवतं. अमेरिकेत बोस्टनच्या काळ्या पोलिसांनी २००५ साली यावरच दावा लावला. आमच्या केसांची जात आणि त्यांवर होणारे सरळ करण्याचे उपचार यांमुळे बाहेरचा अंश आमच्या केसात जास्त शिरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. काळ्या उमेदवारांवर आणि पोलिसांवर या चाचणीचा विषम परिणाम होतो, हे अपील न्यायालयानं २०१४ साली मान्य केलं. २०२१ साली शहरानं ही चाचणी बंद केली आणि २०२३ साली २६ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

बाईच्या बाबतीत आणखी एक गाठ बसते. नीटनेटकं राहा, पांढरे केस दिसू देऊ नका, हे तिला घरात, कचेरीत सगळीकडे सांगितलं जातं. तिनं ते केलं आणि चाचणी दोषी आली, तर तिला खोटारडी म्हणतात. चाचणी निर्दोष आली, तर पुरावा पुसायलाच केस रंगवले असा संशय घेतात. दोन्हीकडून बाईच खोटी! विज्ञानाच्या नावावर चालणारी ही जुनीच चारित्र्याची परीक्षा आहे.

आपल्याकडेही केस तपासले जातात. बंगळूरच्या २०२० च्या अमली पदार्थ प्रकरणात अभिनेत्रींच्या केसांचे नमुने हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवले होते. मुलांच्या ताब्याच्या भांडणात बाईवर दारूचा, ‘बाहेरख्याली’पणाचा आरोप करणं आपल्या वकिलांना नवं नाही. उद्या त्याला केसांच्या चाचणीची जोड मिळाली, तर आपल्या सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आपण काय सांगणार?

पहिलं म्हणजे, नमुना घेताना मागच्या वर्षभरात केसांना काय काय लावलं ते सगळं लेखी नोंदवायला लावायचं. ब्लीच, रंग, मेंदी, पर्म, स्ट्रेटनिंग, फवारा, तेल, टॉनिक, सगळं. बाटल्या टाकायच्या नाहीत. दुसरं, अहवालात काय शोधलं, किती सापडलं, केस धुतले होते का, दुसऱ्या अचूक पद्धतीनं खात्री केली का, हे विचारायचं. नुसतं ‘दोषी’ हा शब्द पुरेसा नाही. घरात दुसरं कुणी व्यसन करतं का, हेही सांगायचं. तिसरं, एकट्या केसावर निकाल नको. इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती मॉयलन यांनी २०१० साली दारूच्या चाचणीबद्दल हेच सांगितलं की बाकीच्या पुराव्याबरोबरच तिचा विचार व्हावा. मूल शाळेत जातं का, जेवतं का, आईजवळ सुरक्षित आहे का, हे शेजारणी, शिक्षिका, दवाखान्यातल्या बाई सांगू शकतात. त्यांची साक्ष मागा.

मुलाला व्यसनी पालकापासून जपलंच पाहिजे, त्याबद्दल आपलं दुमत नाही. चाचणीलाही आपला विरोध नाही. पण चाचणी खोटी ठरली तर आईच्या कुशीतून गेलेलं मूल अहवाल दुरुस्त करून परत आणता येत नाही. म्हणून निकालाआधीच प्रश्न विचारायची सवय आपण सगळ्याजणींनी लावून घेऊ या.