बोटीवर काय नेसावं?



बोट म्हटलं की माझ्या पिढीच्या कोकणी माणसाला भाऊचा धक्का आठवतो. डेकवर वळकटी पसरायची, डब्यातल्या दशम्या सोडायच्या आणि आपलं बंदर येईपर्यंत अंगावरच्याच कपड्यांत आडवं व्हायचं. बोटीवर संध्याकाळी कपडे बदलून जेवायला जायचं असतं, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर सगळा डेक हसला असता. आता मराठी माणूस क्रूझवर जाऊ लागला आहे. परदेशातला मुलगा आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भूमध्य समुद्राची नाहीतर अलास्काची सफर भेट देतो. तिकिटांबरोबर एक कागद येतो. त्यावर लिहिलेलं असतं, दोन संध्याकाळी ‘फॉर्मल’, एक ‘व्हाइट नाइट’, बाकीच्या ‘स्मार्ट कॅज्युअल’. आणि आनंदाच्या घरात काळजी शिरते.

मी गेली बरीच वर्षं पर्यटकांच्या गटांबरोबर व्यवस्थापक म्हणून जाते. बोट लागेल का, जेवण शाकाहारी मिळेल का, हे प्रश्न असतातच. पण निघण्याच्या आठवड्यात येणारे बहुतेक फोन कपड्यांचे असतात. “ताई, सूट शिवावाच लागेल का?” “हिला गाऊन घालावा लागतो का हो?” या प्रश्नांना फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. आज जरा सविस्तर बोलू या.

मुळात ही रीत आली कुठून? विमानं नव्हती तेव्हा युरोपातून अमेरिकेला जायला आठवडाभर लागे आणि हिंदुस्थानात यायला दोन-तीन आठवडे. वरच्या वर्गातले प्रवासी घरी रात्रीच्या जेवणाला जसे कपडे बदलत, तसेच बोटीवरही बदलत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सूट असे. सूट म्हणजे सवलत, अंगातला सूट नव्हे! पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत, म्हणून ही सवलत. आजही अनेक बोटींवर या दोन रात्री साधेच कपडे चालतात.

ज्याला आपण टक्सीडो म्हणतो, तो कोट तसा अलीकडचा. १८६५ साली लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या गल्लीत हेन्री पूल यांच्या दुकानाने इंग्लंडच्या युवराजांसाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, मागच्या शेपट्या नसलेला आखूड कोट शिवला. घरगुती जेवणाला सुटसुटीत कपडे हवेत, एवढाच हेतू. पुढे न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या १८८६ साली वसलेल्या वसाहतीतल्या क्लबात तो कोट रुजला आणि वसाहतीचं नाव त्याला चिकटलं. या कोटाखाली कमरेला रुंद रेशमी पट्टा बांधतात. इंग्रजीत त्याला ‘कमरबंड’ म्हणतात. हा आपल्याकडचाच, फारसीतून आलेला कमरबंद. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी उकाड्याला कंटाळून वास्कटाऐवजी तो बांधायला सुरुवात केली. कोट काढून नुसता पांढरा शर्ट आणि कमरबंद, या पेहरावाला ‘रेड सी रिग’ हे नाव अजून आहे, तेही तांबड्या समुद्रातल्या उन्हामुळेच. तेव्हा ज्या पोशाखाला आपण इतके बिचकतो, त्यातही थोडं आपलं आहे.

आता आजचे नियम. सात रात्रींच्या सफरीत साधारण एक किंवा दोन फॉर्मल संध्याकाळी असतात. बोट दिवसभर समुद्रात असते, बहुधा त्याच दिवशी त्या ठेवतात, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. ‘फॉर्मल’ किंवा ‘गाला’ म्हणजे पुरुषांना टक्सीडो किंवा टायसह गडद सूट आणि स्त्रियांना समारंभाचा पोशाख. ‘स्मार्ट कॅज्युअल’ म्हणजे आपण मुलगी बघायला जाताना घालतो तसे कपडे : इस्त्रीची पँट, कॉलरचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सगळ्या कंपन्यांचे नियम मात्र सारखे नाहीत. कुनार्डच्या बोटींवर गाला संध्याकाळ अजून निष्ठेने पाळली जाते. नॉर्वेजियन कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ असं नाव देऊन सक्ती सोडून दिली. सेलिब्रिटी कंपनीने २०१५ च्या अखेरीस ‘फॉर्मल’ हा शब्द काढून ‘इव्हनिंग शिक’ असा सैल शब्द आणला. म्हणून शेजाऱ्यांचा अनुभव ऐकण्यापेक्षा आपल्या बोटीचं पत्रक वाचावं. आणि कपड्यांची हौसच नसेल तर वरच्या मजल्यावरचा बुफे त्या रात्रीही उघडा असतो. तिथे साध्या शर्ट-पँटमध्ये जेवता येतं. उपाशी कुणी राहत नाही.

या पत्रकात पुष्कळदा एक लहानसं वाक्य असतं आणि ते आपल्या नजरेतून हमखास सुटतं. राष्ट्रीय पोशाख चालेल, असं ते वाक्य. म्हणजे साडी, बंद गळ्याचा कोट, शेरवानी, धोतर. हे वाक्य दिसलं नाही तर कंपनीला विचारावं. मी अनेकदा विचारलं आहे आणि मला आजवर नकार मिळालेला नाही.

आपल्या पोशाखात परक्या समारंभाला जाण्याची ही वाट आपल्याकडच्या एका मुलीने फार पूर्वी दाखवली आहे. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातल्या स्वागतसमारंभाच्या वेळी काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या साबात इस्लामबूली त्यांच्या देशी पेहरावात आणि आपल्या आनंदीबाई जोशी साडीत. १८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघताना आनंदीबाईंनी पोशाख बदलायचा नाही असं ठरवलं होतं. अमेरिकेतल्या थंडीसाठी त्यांनी नेसण्याची पद्धत थोडी बदलली, पण साडी सोडली नाही. त्या छायाचित्रात तिघींपैकी कुणीही अवघडलेली दिसत नाही.

अवघडलेपण काय करतं ते मी एका सफरीत पाहिलं. आमच्या गटात सांगलीकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी होती. पहिल्या फॉर्मल संध्याकाळी आमच्या टेबलावरच्या दोन खुर्च्या रिकाम्या. प्रकृती बिघडली की काय म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेले. दोघं पलंगावर बसून खाकरे खात होती. जावयाचा सूट उसना आणला होता, त्याचं बटण पोटावर लागत नव्हतं. अर्ध्यावर अडकलेल्या त्या कोटाने दोघांना खोलीत कोंडून ठेवलं होतं. मुलाने तिकडे जादा काम करून पैसे साठवले, ते याच संध्याकाळीसाठी!

मी विचारलं, “गुरुजी, शाळेत झेंडावंदनाला तुम्ही काय घालत होतात?”

“धोतर, काळा कोट आणि टोपी.”

“मग ते नाही आणलंत?”

“आणलंय की. धोतर तर रोजचंच. पण इथे लोक हसतील.”

मी पत्रकातलं ते वाक्य त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. दुसऱ्या फॉर्मल संध्याकाळी गुरुजी पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट आणि टोपी घालून आले. काकूंनी इरकली नेसली होती. कुणीही हसलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी गुडघ्यापर्यंतचा किल्ट घातला होता. त्यांनी उठून गुरुजींशी हस्तांदोलन केलं. धोतर आणि किल्ट बराच वेळ एकमेकांकडे कौतुकाने पाहत होते. वाढायला होता तो तरुण गोव्याच्या सासष्टीतला. त्याने हळूच कोकणीत विचारलं, “कितें हाडूं?” गुरुजी म्हणाले, “आधी गरम पाणी.”

आता बायकांसाठी काही कामाच्या गोष्टी. बोटीवरच्या खोलीत इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने जवळपास सगळ्या कंपन्यांची तिला बंदी असते. काही बोटींवर इस्त्रीची वेगळी खोली असते, पण समारंभाच्या दिवशी तिथे रांग लागते. म्हणून खळीच्या सुती साड्या घरी ठेवाव्यात. क्रेप, जॉर्जेट किंवा मऊ रेशीम बरं. पैठणी न्यायची तर मलमलच्या फडक्यात गुंडाळून न्यावी आणि जरीवर अत्तर फवारू नये, जर काळी पडते. डेकवर वारा भन्नाट असतो, तेव्हा पदराला पिना हव्यातच. डेकवर उघडणाऱ्या दारांना उंबरे असतात आणि बोट थोडी तरी डुलतेच, म्हणून उंच टाचा टाळून साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी. भोजनगृहातला आणि नाट्यगृहातला गारठा लक्षात घेऊन शाल जवळ ठेवावी. एक चांगली साडी दोन्ही फॉर्मल रात्री नेसली तरी चालते. पहिल्या रात्री कोण काय नेसलं होतं, हे तिथे कुणी वहीत लिहून ठेवत नाही.

विशेष कल्पनेच्या संध्याकाळींची गंमत वेगळी. ‘व्हाइट नाइट’ला सगळे पांढऱ्या कपड्यांत डेकवर जमतात, वर आकाश आणि खाली संगीत. आपल्याकडच्या काही वयस्क बायकांना सणासमारंभात पांढरं नेसणं नको वाटतं. त्यामागच्या भावना मी समजू शकते. अशा वेळी मी सोनेरी काठाची मोतिया चंदेरी सुचवते. त्या दिव्यांच्या उजेडात मोतिया आणि पांढरा यांतला फरक कुणाला कळतही नाही. सत्तरच्या दशकाची रात्र असते, तेव्हा जुन्या हिंदी सिनेमातला ठिपक्यांचा शर्ट आणि पायघोळ पँट कपाटात सापडली तर पाहा. मुखवट्यांची रात्र असेल तर एक साधा मुखवटा पुरतो.

कॅरिबियन बाजूच्या काही बोटींवर चाच्यांची रात्र असते. डोळ्याला काळी पट्टी, डोक्याला रुमाल. मुलांना फार आवडते. पण आमच्या गटातली मुलं तयार होत असताना मी त्यांना आवर्जून सांगते, की इंग्रजांच्या कागदपत्रांत आपल्या सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलेलं आहे. समुद्रावर कुणाला राजा म्हणायचं आणि कुणाला लुटारू, हे कागद कोण लिहितो त्यावर ठरत आलं आहे. हे ऐकल्यावर आमच्याकडच्या एका पोराने पट्टी काढून डोक्याला मावळी पागोटं बांधलं. खेळण्यातली तलवार मात्र न्यायची नाही. खोट्या हत्यारांनाही बोटींवर मनाई असते. आणि एक विनंती. दुसऱ्या देशाच्या लोकांची टिंगल होईल असा वेष करू नये. आपल्या फेट्याची कुणी थट्टा केली तर आपल्याला कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

हे सगळं ऐकून कुणी दोन मोठ्या बॅगा भरायला घेतल्या असतील, तर जरा थांबा. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. बरोबरच्या मंडळींनी भरमसाट सामान घेतलेलं पाहून ते रागावले आणि जास्तीच्या ट्रंका एडनहून परत पाठवायला लावल्या. त्याच सफरीत ते बकिंगहॅम राजवाड्यावरच्या समारंभाला नेहमीच्या पंचात आणि शालीत गेले. आपण काही गांधीजी नाही. पण बोटीवरचं कपाट लहान असतं आणि विमानातल्या सामानाचं वजन मोजलं जातं. पुरुषांना एक बंद गळ्याचा कोट, एक काळी पँट आणि एक बुटांचा जोड यांत दोन्ही संध्याकाळी भागतात. टक्सीडोची हौसच असेल तर काही बोटींवर तो भाड्याने मिळतो.

फॉर्मल संध्याकाळी जिन्याजवळ छायाचित्रकार उभा असतो. फोटो जरूर काढून घ्या. तो विकत घेण्याची सक्ती नसते, आणि किंमत आधी विचारायला लाजू नये.

शेवटी, त्या बोटीवरच्या इतरांविषयी. आपण पत्रक वाचून काय नेसायचं ते ठरवतो. वाढणाऱ्याला ती निवड नसते. सासष्टीच्या त्या तरुणाचा करार नऊ महिन्यांचा होता. प्रवाशांमध्ये वावरताना गणवेश आणि नावाचा बिल्ला लावावाच लागतो. खाली इंजिनघरातले लोक ज्या जाड्या कपड्यात राबतात, त्याला इंग्रजीत डंगरी म्हणतात. तो शब्द मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून गेला आहे. वरच्या मजल्यावर कमरबंद, तळाला डोंगरी, अशी ही बोट चालते. तेव्हा हौसेने नटा, पण जेवायला वेळेवर पोहोचा. पुष्कळ बोटींवर दोन पंगती असतात. आपण आरशापुढे रेंगाळलो, तर दुसरी पंगत लांबते आणि त्या मुलांची झोप तेवढी कमी होते.

तुमची सफर सुखाची होवो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)