मुलांचा रियाज आणि आपण शेजारी

(रौप्यमहोत्सवी सांस्कृतिक संध्येत केलेले भाषण, थोडे आवरून)



पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे, 'वाद्यांच्या सरावाबाबत तक्रारी'. सभेत आपण सगळे बोलतो जास्त आणि ऐकतो कमी, हा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव. म्हणून आज माइक हातात आहे तोवर बोलून घेतो. यात माझा स्वार्थ आहे हेही आधीच सांगून टाकतो. माझी नात व्हायोलिन शिकते. तक्रारीतला एक आवाज आमच्याच घरातून येतो.

तक्रार खोटी नाही, बरं का. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर येतो, दाबणारा पाच वर्षांचा असो की पन्नास. सतारीला पडदे असतात, बोट कुठे ठेवायचं ते डोळ्यांना दिसतं. व्हायोलिनला पडदेच नाहीत. नुसती काळी पट्टी आणि वर चार तारा. बोट केसभर सरकलं की सूर घसरला. त्यात उजव्या हातात गज, म्हणजे मुलं ज्याला बो म्हणतात तो. घोड्याच्या शेपटीचे केस, त्यांना राळ चोळलेली. तो घोडीला समांतर, एकसारख्या दाबानं ओढायचा. दाब जास्त झाला की दार करकरल्यासारखं होतं आणि कमी झाला की शिट्टी वाजते. पहिलं दीड-दोन वर्षं तरी घरात आणि घराबाहेर हेच ऐकू येतं. त्याला इलाज नाही. मोठमोठ्या वादकांच्या शेजाऱ्यांनीसुद्धा कधीतरी हेच ऐकलं असणार.

सी विंगमधल्या एक वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "काका, रोज तीच ओळ, आणि रोज तिथंच चुकते हो ती." अगदी बरोबर ऐकलंय त्यांनी. तिथं चुकते म्हणूनच तर रोज तीच ओळ! चुकीवरून भरकन पुढे जाऊन सगळं गाणं वाजवून मोकळं होणारं मूल शेजाऱ्यांना सोयीचं, पण ते फारसं शिकत नाही.

आता पालकांशी थोडं बोलतो. आपल्याकडे येणारे मास्तर आठवड्यातून दोनदा येतात, एकेका घरी पाऊण तास. तारा षड्ज-पंचमात लावून होईपर्यंत त्यातली आठ-दहा मिनिटं जातात. आठवड्याचे तास 168. त्यातल्या दीड तासात ते काय करणार? चूक दाखवतात, मनगट सैल करायला लावतात, डाव्या अंगठ्याची पकड सोडवतात. ते मुरतं मधल्या दिवसांत, घरी. मधल्या दिवसांत वाद्य पेटीतून निघालंच नाही, तर मास्तर तोच धडा पुन्हा देतात आणि आपण त्याच धड्याची फी पुन्हा भरतो. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

बरं, रियाज किती करायचा? आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी एकदम दोन तास बसवू नका. मान अवघडते, आणि सोमवारी मूल पेटीकडे बघत नाही. आमच्याकडे पहिली पाच मिनिटं मोकळ्या तारांवर नुसता लांब गज. मग मोबाईलवर तानपुरा लावून सावकाश आरोह-अवरोह. मग ती अडणारी ओळ. आणि शेवटी तिला हवं ते, मग ते सिनेमातलं असलं तरी मी हरकत घेत नाही. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो. मला वाजवता येत नाही, पण गज वाकडा जातोय हे दिसतं. पालकांनी तेवढं केलं तरी खूप झालं. फोन बघत बसू नये, आणि पाहुणे आले की "वाजवून दाखव गं" म्हणू नये. दुसऱ्या गोष्टीचा मुलांना फार राग येतो.

मास्तरांचा एक आग्रह मला पटतो. ओळ आधी गळ्यातून काढायची, मग तारेवर. हे वाद्य विलायती खरं, पण आपल्याकडे ते मांडी घालून, त्याचं डोकं उजव्या पावलाच्या घोट्याशी टेकवून वाजवतात आणि त्यातून गाणं काढतात. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. एन. राजम पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, ते तर गवईच. मूल गायला लाजत असेल तर निदान गुणगुणू द्या.

परीक्षांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांनी मुलांना शिस्त लागते, हे मान्य. पण दहावीला शास्त्रीय कलांचे सवलतीचे गुण मिळायला लागल्यापासून काही घरांत हिशेबच बदलला. परीक्षेपुरते राग बसवायचे, प्रमाणपत्र घ्यायचं, आणि निकाल लागला की वाद्य माळ्यावर. चार-पाच वर्षांच्या कष्टांनी हात आत्ता कुठे बसलेला असतो, आणि नेमका तेव्हाच आपण तो थांबवतो.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी मास्तरांकडे आपल्या सोसायटीतली अकरा मुलं होती, यंदा पाच आहेत. तिघांनी दहावीमुळे सोडलं. उरलेल्या तिघांच्या आईवडिलांनी मला सांगितलं की शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून थांबवलं. कुणी त्यांच्याशी भांडलं नव्हतं. सूचना फलकावर कागद लागला, तेवढ्यानं त्यांना संकोच वाटला. मास्तर दोन बस बदलून येतात. पाचाची तीन झाली तर ते येणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. बी विंगमध्ये रात्रपाळी करून सकाळी झोपणारे एक सभासद आहेत. एका घरी आजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना "मुलांचं कौतुक करा" असं सांगणं उद्धटपणाचं होईल. म्हणून सभेत मी मांडणार आहे ते असं. घरातला रियाज संध्याकाळी साडेपाच ते आठ. सकाळी आणि दुपारी अजिबात नाही, सुट्टीतसुद्धा नाही. रात्री दहानंतरचा तर प्रश्नच नको, तिथं कायदाच आहे. घोडीवर बसवायचा रबरी म्यूट मिळतो, त्यानं आवाज बराच दबतो. तो प्रत्येकानं घ्यावा, पण रोज लावू नये. कायम दबका आवाज ऐकून मुलाला गजाचा दाब कळेनासा होतो. आणि ज्यांच्या घराला लागून आजारी माणूस आहे, त्या मुलांना क्लब हाउसची मागची खोली द्यावी. गुरुवारचं भजन सोडलं तर ती संध्याकाळी कुलूपबंदच असते. विजेचं बिल म्हणजे एक ट्यूब आणि एक पंखा. खजिनदारांना मी आकडा काढून दिला आहे.

दुसरी सूचना खर्चाची नाही. लहान मुलांना पूर्ण आकाराचं व्हायोलिन पेलत नाही. आधी पाव किंवा अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. दीड-दोन वर्षांत मूल वाढतं आणि वाद्य लहान पडतं. आपण पुन्हा धोबीतलावला जाऊन नवं आणतो आणि जुनं माळ्यावर टाकतो. माझ्या अंदाजानं आपल्या तीन विंगांच्या माळ्यांवर मिळून अशी सहा-सात तरी वाद्यं पडून असावीत. ती त्या खोलीतल्या कपाटात ठेवू. नव्या मुलानं वहीत सही करून न्यायचं, मोठं झालं की परत आणून द्यायचं. ज्यांनी थांबवलं त्या तीन घरांपैकी एकाची अडचण नुसती शेजाऱ्यांची नव्हती. मुलीला पाऊण लागत होतं आणि ते घेणं त्यांना या वर्षी जमत नव्हतं.

तेव्हा उद्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या कार्यालयात वही घेऊन बसतो आहे. तार तुटलेली असली तरी चालेल, घोडी पडलेली असली तरी चालेल. गजाचे केस कसरीनं खाल्ले असतील तरी घेऊन या, ते नवे भरून मिळतात. फक्त पेटी उघडण्याआधी बाहेर नीट झटका, आत झुरळं असतात.