शंका, इल्म आणि शहाणपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात बोर्डी येथे दिलेले व्याख्यान)



तत्त्वज्ञान हा शब्द कार्यक्रमपत्रिकेवर दिसला की सभेतली निम्मी मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी जड शब्द घरी ठेवून आलो आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे आपण म्हणतो, ते कशावरून म्हणतो? हा प्रश्न मुलाने घरात विचारला तर बापाच्या कपाळाला आठी पडते. आज हा चिकूविषयी विचारतो आहे, उद्या दीनाविषयी विचारील, परवा नमाज सोडील, अशी ती भीती असते. पालकांची ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. आजचे माझे बोलणे मुख्यतः तिच्याविषयीच आहे.

तुमच्या बोर्डीत हा विषय बोलावा हे योग्यच आहे. १९२० साली येथे हायस्कूल उभे राहिले आणि आचार्य भिसे यांच्यासारख्या माणसांनी त्याला नाव मिळवून दिले. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम येथेच सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. पाने, शिंपले, खडे हेच त्यांनी शिकवण्याचे साहित्य केले. मुलाने आधी हाताळावे, पाहावे आणि मग बोलावे, ही ती रीत. मी जे सांगणार आहे त्याची सुरुवात या गावात माझ्या आधीच होऊन गेलेली आहे.

आता समुद्राकडे वळू. तुमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि मगरिबच्या सुमारास सूर्याची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते. ते बिंब तुम्ही डोळ्यांनी पाहता, याहून पक्का पुरावा कोणता? पण खगोलशास्त्र सांगते की त्या क्षणी सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो. क्षितिजाजवळ हे वाकणे सुमारे अर्ध्या अंशाचे असते आणि बिंबाची रुंदीही जवळजवळ तेवढीच. म्हणजे जो सूर्य बुडायचा आहे असे आपण म्हणतो, तो गणिताने बुडून गेलेला आहे. शिवाय तो प्रकाशही आठ मिनिटांपूर्वी निघालेला. मग आपण पाहिले ते खोटे काय? खोटे नव्हे, प्रकाश खरोखर आपल्या डोळ्यांत आला. पण दिसणे आणि असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे मात्र कळले.

प्रकाशाच्या या वाकण्याचा ज्यांनी नेटाने अभ्यास केला त्यांत बसऱ्याचा इब्न अल्-हैसम हे मोठे नाव आहे. जन्म ९६५ च्या सुमाराचा, बरेच आयुष्य कैरोत गेले. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्याच्या आधीचे कित्येक विद्वान मानीत. त्याने दाखवले की प्रकाश बाहेरून डोळ्यात येतो. त्याने आणखी एक पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच शुकूक म्हणजे शंका हा शब्द आहे. त्या शंका टॉलेमीसारख्या आठ-नऊशे वर्षे पूज्य मानलेल्या ग्रंथकारावर घेतलेल्या. तेथे तो म्हणतो त्याचा आशय असा, की सत्य शोधणाऱ्याने थोरांचे लिहिणे तपासावे आणि तपासताना स्वतःच्या बुद्धीवरही संशय ठेवावा. हे दुसरे वाक्य आमची तरुण मंडळी सोयिस्करपणे विसरतात. वडिलांवर शंका घेणे सोपे असते, स्वतःवर घेताना जिवावर येते.

कोणी म्हणेल, तो गणिती माणूस, त्याचे काय. तर मग इमाम गझालींकडे या. १०५८ साली तूस येथे जन्मले, बगदादच्या निझामिया मदरशात मुख्य अध्यापक झाले, आणि दीनाच्या इल्मचे आधारस्तंभ म्हणून आजही त्यांचे नाव घेतले जाते. त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. लहानपणी त्यांना दिसले की ख्रिस्त्याचे मूल ख्रिस्ती होते, यहुद्याचे यहुदी आणि मुसलमानाचे मुसलमान. मग आपण मानतो ते केवळ घरात जन्मलो म्हणून, की ते खरे आहे म्हणून? हा प्रश्न त्यांनी झाकून ठेवला नाही. प्रथम त्यांनी डोळ्यांची साक्ष तपासली. सावली स्थिर दिसते, पण तासाभराने पाहावे तर सरकलेली. तारा एका दीनाराएवढा दिसतो आणि भूमिती सांगते की तो पृथ्वीहून मोठा आहे. डोळा चुकतो हे बुद्धीने दाखवले, तर बुद्धी चुकते हे दाखवणारा बुद्धीच्या वर कोणी नसेल कशावरून? स्वप्नात सारे खरेच वाटते, जाग आली की कळते. मग या जागेपणाच्या पलीकडे आणखी एक जागेपण असले तर? जवळजवळ दोन महिने ते या शंकेत अडकून पडले.

त्यांची सुटका कशी झाली हे सांगताना काही लेखक हात आखडता घेतात. गझाली स्वतः सांगतात की ती युक्तिवादाने झाली नाही. अल्लाहने हृदयात टाकलेल्या प्रकाशाने बुद्धीवरचा विश्वास परत आला. हे मानावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परत आल्यावर ते तकलीदकडे, म्हणजे डोळे मिटून मागे चालण्याकडे गेले नाहीत. १०९५ मध्ये मानाची जागा सोडून ते बगदादहून निघाले आणि जे पुस्तकात वाचले ते जगून पाहण्यासाठी वर्षानुवर्षे फिरले. पाचशेहून अधिक वर्षांनी, १६४१ मध्ये, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानेही इंद्रिये आणि स्वप्न यांवरूनच शंका घेत आपले पुस्तक लिहिले. कॉलेजात तत्त्वज्ञान घेणाऱ्याला देकार्त भेटतोच. त्याच्या शेजारी गझालींनाही बसवा, एवढेच माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे.

आता यकीन. कुरआन शरीफात इल्मुल-यकीन, ऐनुल-यकीन आणि हक्कुल-यकीन असे तीन शब्द येतात, आणि आपल्या विद्वानांनी या तीन पायऱ्या समजावल्या आहेत त्या बहुधा आगीच्या दृष्टांताने. आग आहे असे कळणे, आग दिसणे, आगीचा चटका बसणे. मी येथे चिकू घेतो. घोलवडचा चिकू गोड असतो असे मुंबईच्या माणसाने ऐकले, ही पहिली पायरी. बागेत येऊन त्याने झाड पाहिले, ही दुसरी. खाल्ला, ही तिसरी. पण तुम्ही बागायतदार मंडळी या तिन्हींच्या मध्ये एक गोष्ट करता, तीच मला मोलाची वाटते. झाडावरचा कच्चा चिकू आणि तयार चिकू, दोन्ही वरून तपकिरीच. म्हणून तुम्ही नखाने साल जराशी खरवडता. आत हिरवी झाक दिसली तर फळ राहू देता, पिवळसर दिसली तर उतरवता. हे नख म्हणजे शंका. त्याने फळ नासत नाही, उलट नख न लावता उतरवलेला चिकू तुरट निघतो आणि ओठांना चीक लागतो. अर्थात प्रत्येक फळाला सकाळ-संध्याकाळ नख लावीत बसणाऱ्याची बागही पिकणार नाही. तोही एक रोग आहे, आणि शिकलेल्या माणसांत तो अधिक आढळतो.

आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो ते थोडेच, बाकी सारे दुसऱ्याच्या सांगण्यावरून. ईदचा चाँद तरी प्रत्येकाने कोठे पाहिलेला असतो? किनाऱ्यावर शंभर माणसे उभी असतात, चौघांना दिसतो आणि बाकीचे त्या चौघांच्या गवाहीवर ईद करतात. म्हणून सांगणारा कोण, हे तपासणे आपल्या परंपरेने कधी कमी लेखले नाही. सूरा हुजुरातमध्ये भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या जमातीचे नुकसान कराल, असा आदेश आहे. इमाम बुखारींनी (८१०–८७०) हदीस गोळा करताना कोणी कोणाकडून ऐकले, ते दोघे एकमेकांना भेटले होते का, सांगणारा खरे बोलणारा आणि स्मरणाचा पक्का होता का, हे सगळे पारखले. पैगंबरसाहेबांच्या (स.) नावाने सांगितलेली गोष्टसुद्धा जेथे तपासूनच घेतली, तेथे मोबाइलवर आलेला निरोप न तपासता पुढे ढकलणारे आपण कोण?

हा नुसता तात्त्विक प्रश्न नाही, हे या भागाला सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या बाजूला धक्क्यांमागून धक्के आले. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले, घाबरून बाहेर पळताना पडून एका लहानग्या मुलीचा जीव गेला. माणसे थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. अशा रात्री अफवेला काय तोटा! अमुक तारखेला मोठा भूकंप होणार, असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर भ्यालेल्या माणसाला तेच इल्म वाटते. अशा वेळी काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे वेगळे काढता यायला हवे. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आजही जगात कोणापाशी नाही. म्हणजे तारीख सांगणारा खोटा, हे त्याचे नाव-गाव न विचारताही कळते. कारणाचे म्हणाल तर कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून महाराष्ट्रात धरणाचे नाव चटकन ओठावर येते. तेथील भूकंपांचा जलाशयाशी संबंध आहे हे शास्त्रज्ञांनी अभ्यासाने मांडले. पण कोयनेला लागू पडले ते येथेही लागू पडेलच असे नाही. म्हणून येथे भूकंपमापक यंत्रे बसवली गेली, नोंदी घेतल्या गेल्या. कातळाच्या भेगांतून खोल शिरणाऱ्या पाण्यामुळे हे लहान धक्के येत असावेत, असे मत संशोधकांनी मांडले. ते ‘असावेत’ म्हणतात, हा त्यांचा कमकुवतपणा नव्हे. ते ‘असावेत’ कमावलेले आहे. अफवेच्या ‘आहेच’ला कोणी एक दिवसाची मेहनतही केलेली नसते.

आणि शहाणपण, ज्याला आपण हिकमत म्हणतो, ते येथे इल्महून वेगळे पडते. मोठा धक्का येईल की नाही हे ठाऊक नाही. पण घराची कोणती भिंत तडकलेली आहे, खाटेच्या डोक्याशी जड फळी आहे का, आजीला रात्री बाहेर कोणी आणायचे, हे ठाऊक करून घेता येते. पूर्ण ज्ञान येईपर्यंत हात बांधून बसणारा विद्वान असेल, हकीम नव्हे.

राहिली पालकांची भीती. पैगंबरसाहेबांचा (स.) लहान मुलगा इब्राहीम मदीनेत वारला त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा शोक करतो आहे. पुत्रवियोगाच्या त्या दिवशी, आपला मान वाढवणारी ती गोष्ट त्यांनी चालू दिली नाही. सूर्य-चंद्राला ग्रहण लागते ते कोणाच्या मरण्याने वा जगण्याने नव्हे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बुखारींच्या संग्रहात हे आहे. साडेचारशे वर्षांनी गझालींनी ग्रहणाचाच विषय घेऊन लिहिले, की गणिताने सिद्ध झालेले नाकारणे म्हणजे दीनाचे रक्षण, असे ज्याला वाटते, तो दीनाचेच नुकसान करतो. गणित जाणणाऱ्याचा गणितावरचा विश्वास हलत नाही, त्याचा त्या रक्षकाच्या दीनावरचा विश्वास मात्र हलतो.

तेव्हा आईबापांनो, मुलगी विचारील की हे कशावरून, तर तिला रागावू नका. उत्तर येत असेल तर द्या. नसेल तर मौलवीसाहेबांना विचारू, गुरुजींना विचारू, वाचनालयात पाहू, असे म्हणा आणि खरोखर तिच्याबरोबर जा. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य बापाच्या तोंडून ऐकलेले मूल परीक्षेत थापा मारीत नाही, असा माझा अंदाज आहे. सिद्ध करून दाखवता येणार नाही.

आता मागच्या बाकांवरच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत, पुढच्या खुर्च्यांवरच्यांनी थोडे थांबावे.