फिरत्या चकतीवरील काडतूस

नेमबाजीच्या स्पर्धांसाठीं रायफलचीं काडतुसें घरींच पुन्हां भरण्याची प्रथा अमेरिकेंत जुनी आहे. बार उडाला कीं काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. ती साच्यांत दाबून मापास आणतात. मग तींत प्रायमर, दारू व गोळी क्रमानें बसवितात. प्रत्येक कामाचा साचा निराळा. रेडिंग कंपनीच्या टी-7 या दाबयंत्रांत असे 7 साचे एका फिरत्या चकतीवर बसतात. एकदां लावलेला साचा वारंवार काढावा लागत नाहीं.

परंतु जें फिरतें तें किंचित् हलतेंही. दट्ट्याचा जोर लागतांच चकती एका अंगास केसभर उचलली जाते. म्हणून जाणता नेमबाज यंत्र भक्कम मेजास घट्ट आवळतो, आणि साचा लावतांना पुंगळी खरोखर दाबून मगच माप घेतो. पुंगळीचा खांदा 0.001 ते 0.002 इंचच मागें सरकावा, हें तो मापकानें पडताळतो. चकतीचें हलणें दर वेळीं सारखें झालें, म्हणजे पुरे.

एका चुकीस मात्र क्षमा नाहीं. चकती फिरविण्याच्या नादांत एकाच पुंगळींत दारू दोनदां पडली, तर रायफल नेमबाजाच्या तोंडापाशींच फुटण्याचा धोका असतो. यास्तव तो प्रत्येक पुंगळींत दिव्याचा उजेड पाडून पाहतो, आणि मगच गोळी बसवितो.